पूर्वेची बाजू

सोमवार, ता. ७

आधी दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत मी लिहिलंय की सलूनमधलं गिऱ्हाईक रागावून निघून गेलं आणि न्हावीकाका बिचारे हसत उभे राहिले. हे साफ उलटं आहे. आज जाऊन विचारून आले. गिऱ्हाईक हसतच गेलं. अर्धी मिशी उडाल्यावर त्याने उरलेली अर्धीही काढून घेतली, आणि घरी बायकोने 'कोण पाहिजे?' म्हणून विचारल्यापासून तो भलताच खूश आहे. रागावले ते न्हावीकाका. मी त्या वेळी दोन्ही हातांनी डोळे झाकले होते आणि जे पाहिलं नाही ते अंदाजाने लिहून मोकळी झाले. यापुढे अंदाज असेल तर 'अंदाज' असं लिहायचं.

शुक्रवारी घाबरून बाकीचंही तुटक लिहिलंय, म्हणून आता नीट लिहिते. आमचा हॉकीचा संघ गेल्या हंगामात जवळजवळ सगळे सामने हरला. तरी लोक येत राहिले. त्यातही पूर्वेकडच्या पायऱ्यांवरचे. तिथे छप्पर नाही, दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि तरी ती बाजू कधी रिकामी दिसली नाही. नोकरीच्या मुलाखतीत मी म्हणाले होते की इतकी वर्षं ही माणसं आपल्यासाठी ओरडली, एकदा आपण त्यांच्यासाठी ओरडायला हवं. मॅनेजरसाहेबांनी टेबलावर थाप मारली. मला प्रसिद्धी विभागात नोकरी लागली आणि माझ्या वाक्याची मोहीम झाली: 'आता आमचा आवाज'. संघाने चाहत्याच्या कामाच्या जागी जायचं, तो काम करत असताना भोंगे वाजवायचे, घोषणा द्यायच्या आणि व्हिडिओ काढायचा.

पहिला मान पूर्वेकडच्याच न्हावीकाकांचा. दोन खुर्च्यांच्या सलूनमध्ये अख्खा संघ शिरला. भोंगा वाजला. वस्तरा मिशीवर होता.

आज मी माफी मागितली तर काका म्हणाले, "ओरडलात त्याचं काही नाही गं पोरी. पण कधी ओरडलात? मी वस्तरा उचलला तेव्हा! नाणेफेक झाली म्हणून कोणी नाचतं का?"

"मग कधी ओरडायला हवं होतं, काका?"

त्यांनी विचार केला. इतका वेळ की खुर्चीतल्या माणसाने मान वळवून पाहिलं. "सगळं झालं की मी मानेमागे आरसा धरतो. गिऱ्हाईक इकडून बघतं, तिकडून बघतं, आणि मग नुसती मान हलवतं. तेव्हा. तो गोल."

मला हे आधी विचारायचं सुचलंच नव्हतं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. त्या मिशीचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय आणि पूर्वेकडची मंडळी दुखावली आहेत. "म्हणतात, एवढी वर्षं उन्हात बसलो ते शेवटी हसं करून घ्यायला का? शेवटच्या सामन्याला कोणी जायचं नाही असं चाललंय." या हंगामातला शेवटचा सामना २७ तारखेला, रविवारी आहे. ती बाजू रिकामी राहिली तर ती माझ्या एका वाक्यामुळे राहील.

मंगळवार, ता. ८

मॅनेजरसाहेब आनंदात आहेत. "अजून दोन मिशा उडाल्या की आपण जिंकलो," म्हणाले. मी विनंती केली की पुढच्या वेळेपासून मी आधी एकटी जाऊन प्रत्येकाचं काम समजून घेईन, आणि त्यांच्या कामात गोल कधी होतो ते विचारून संघाला सांगेन. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पगार परत करायला आले आहे.

"कर. पण बघणाऱ्याला मजा आली पाहिजे. नाहीतर मी सरळ किल्ल्यांच्या साखळ्या वाटून टाकीन. झाला सन्मान."

माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण कॅलेंडरकडे पाहिलं. (हा अंदाज.)

गुरुवार, ता. १०

आज पुन्हा सलून. यावेळी भोंगे नाहीत, कॅमेरा कोपऱ्यात. सगळे खेळाडू भिंतीला चिकटून, शॉर्ट कॉर्नरच्या आधी उभे राहतात तसे श्वास रोखून. न्हावीकाकांची कात्री तेवढी वाजत होती. मी इतकी वर्षं केस कापून घेते आहे, पण कात्री हवेत रिकामीही चालत असते, पुढचा केस सापडेपर्यंत ती आपली लय सोडत नाही, हे आज पहिल्यांदा दिसलं. शेवटी आरसा मागे गेला. गिऱ्हाईक इकडून बघतंय, तिकडून बघतंय. एका खेळाडूने माझं मनगट घट्ट धरलं. मान हलली.

असा आवाज मी मैदानातही ऐकला नव्हता. शेजारच्या दुकानातली माणसं धावत आली. काकांनी अंगावरचा ॲप्रन काढून झेंड्यासारखा फिरवला आणि मग लाजून पुन्हा बांधला.

मनगट धरणारा आमचा गोलकीपर होता. त्याला सगळे 'चाळण' म्हणतात. गेल्या हंगामात पूर्वेकडच्यांनीच हे नाव ठेवलं आणि त्याने ते हेल्मेटवर लिहून घेतलं. त्याने लगेच सोडलं मनगट. म्हणाला, "सॉरी. मला वाटलं खांब आहे."

शुक्रवार, ता. ११

मी ज्या आत्याकडे राहते ती रफूचं काम करते. चांगल्या कपड्याला भोक पडलं की त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले, नाहीतर त्याच रंगाच्या रिळातले धागे घेऊन ती ते असं भरते की जागा सापडत नाही. लहानपणी मला सतत खोकला असायचा म्हणून चौथीपर्यंत माझी शाळा घरीच झाली. बाबा गणित, आई वाचन आणि आत्या बाकी सगळं, याच रफूच्या टेबलाशी. आमच्या घरी बरोबर उत्तराला बक्षीस एकच होतं: पुढचा प्रश्न. चुकलं तर तोच प्रश्न पुन्हा. शाळेत गेल्यावर बाईंनी पहिल्यांदा 'शाब्बास' म्हटलं तेव्हा मी घाबरून उत्तर बदललं होतं.

आज मी तिला विचारलं, "आत्या, तुझ्या कामात गोल कधी होतो?"

"मला कशाला मधे ओढतेस तुमच्या चेंडूफळीत?"

"सांग ना."

तिने सुई थांबवली नाही. "मालक कोट उलटासुलटा करून विचारतो ना, 'कुठे होतं हो भोक?' तेव्हा. आता बोलू नकोस, टाका हुकतो."

हल्ली ती फार चोखंदळ झाली आहे. ड्रायक्लीनवाल्याने पाठवलेला एकच काळा कोट घेऊन दहाबारा दिवस बसली आहे, भरते आणि उसवते. सकाळी मी निघण्याआधी पुष्कळशा सुया ओवून ठेवायला सांगते, वेळ वाचतो म्हणून. बरंच आहे. आणि सकाळचं वर्तमानपत्र मला मोठ्याने वाचायला लावते, माझे उच्चार सैल पडलेत म्हणे. या वयातही माझी परीक्षा चालूच!

सोमवार, ता. १४

चाळणने त्याची सरावाची जर्सी आत्याकडे रफूला दिली, माझ्या हाती. दोन आठवड्यांत ही तिसरी. इतकं मजबूत कापड दर वेळी बाहीवरच कसं फाटतं कोण जाणे. आत्याने बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे फाटलेलं नाही. कात्रीने कापलंय."

"काहीतरीच. तो कशाला कापेल?"

"बोटाला कळतं. त्यालाच विचार."

विचारलं नाही. संघाच्या मालमत्तेची चौकशी माझ्या विभागात येत नाही.

आज बेकरीतही जाऊन आले. तिथल्या ताई पूर्वेकडे सगळ्यात वरच्या पायरीवर असतात आणि पावाचा पत्र्याचा ट्रे वाजवतात, तो आवाज रेडिओवरही येतो. पहाटेपासून त्या एकट्याच भट्टी सांभाळतात. गोल कधी, विचारल्यावर त्यांनी माझं बोट धरून एका ताज्या पावावर दाबलं. खळगा पडला, आणि बोट उचलताच हळूहळू भरून आला. "पाठ परत वर आली की गोल. नाही आली तर सगळा घाणा गेला."

"घाणा जातो कधी?"

"जातो की. तुम्ही नाही का हरत?"

बुधवार, ता. १६

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, कारण ते चुकीचं लिहिलं तर मला झोप यायची नाही.

पहाटे संघ बेकरीत पोचला. जागा कमी, म्हणून सगळ्यांना मैद्याच्या पोत्यांवर बसवलं. कॅमेरावाल्याची वायर दारातून आत येत होती, म्हणून दार उघडं राहिलं. फुगत ठेवलेल्या पिठाचे ट्रे दाराशेजारीच होते. बाहेर गारठा होता. हे माझ्या लक्षात आलं होतं की नव्हतं, ते मला आता नक्की सांगता येत नाही.

ताईंनी ट्रे भट्टीत सरकवले. मग भट्टीचं दार उघडलं, वाफ आली, एकेक ट्रे बाहेर. ताईंनी पावावर बोट दाबलं. उचललं. खळगा तसाच राहिला. दुसरा पाव. तिसरा. दुसऱ्या ट्रेमधला. पाव बसके, चपटे, कडेला सुरकुतलेले. ताई ट्रेकडे बघत राहिल्या आणि आमच्यातला एकही जण त्यांच्याकडे बघेना. सगळे आपापल्या बुटांकडे. कोणीतरी हळूच भोंगा पोत्यामागे लपवला. आपण या बाईच्या फजितीला कॅमेरा घेऊन आलोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेव्हा चाळण पोत्यावरून उठला. नुसता उभा राहिला, हात मागे बांधून. मला वाटलं, निघाला. मग कप्तान उठला, मग बचावफळीतले दोघे, मग सगळे. कोणी दाराकडे वळलं नाही.

ताईंनी मागे वळून पाहिलं. मैद्याच्या हाताने कपाळ पुसलं, तिथे पांढरा पट्टा उमटला. म्हणाल्या, "किती गोल खाल्ले मी?"

"चार," चाळण म्हणाला. "पण वेळ आहे अजून, ताई."

त्यांनी दार लावायला सांगितलं, बसके पाव पोत्यात भरले आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. दुसरा घाणा भट्टीतून निघेपर्यंत सगळे उभेच होते. खूप वेळ. कप्तानाच्या गुडघ्याला दुखापत आहे, तोही. भट्टीचं दार उघडल्यावर ताईंनी बोट दाबलं, उचललं, आणि पाठ वर आली. आमच्यापैकी कोणाला ओरडायचं सुचलंच नाही! शेवटी ताईंनीच रिकामा ट्रे उचलून भिंतीवर आपटला आणि ओरडल्या, "अरे गोल आहे, मेल्यांनो!"

मी नंतर त्यांना विचारलं, आमच्या उघड्या दारामुळे पहिला घाणा गेला का. त्या म्हणाल्या, "नाही गं, यीस्ट जुनं होतं." यीस्टचा डबा मी पाहिला. तो कालच फोडलेला होता. दोन्ही गोष्टी लिहून ठेवते.

परतताना मी चाळणला विचारलं, उठायचं कसं सुचलं?

"सुचलं नाही. शिकलोय." मग त्याने सांगितलं. गेल्या हंगामात चार गोल खाल्ले की पूर्वेकडची सगळी बाजू उठून उभी राहायची. "पहिल्यांदा मला वाटलं, निघाले घरी. मान खाली घालून बसलो. मग वर पाहिलं तर एकही माणूस हलला नव्हता. शेवटच्या शिट्टीपर्यंत उभे. घोषणा नाही, काही नाही. गोल झाल्यावर ओरडणारे कुठेही मिळतात. मला त्या हंगामातला एकही गोल आठवत नाही, पण ते उभे राहिलेले सगळे सामने आठवतात."

या हंगामात हे मीही ऑफिसच्या खिडकीतून कितीतरी वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं, ऊन चुकवायला उठत असतील.

गुरुवार, ता. १७

मॅनेजरसाहेबांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "यात घडतंय काय? माणसं उभी आहेत."

"हो साहेब."

"तासभर."

"हो."

"बसके पाव तेवढे ठेव, वर गमतीचं संगीत टाक."

मी नाही म्हणाले. असं मी याआधी कोणालाही म्हटलेलं नाही, त्यामुळे ते जरा मोठ्याने आलं. कारण विचारलं तर एवढंच म्हणाले की तो व्हिडिओ ताईंचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. ते बराच वेळ पेन उघडबंद करत बसले. मग त्यांनी किल्ल्यांच्या साखळ्यांची ऑर्डर दिली. मोहीम संपली. मला काढलं नाही. "वाटायला कोणीतरी लागेलच," म्हणाले.

संध्याकाळी आत्याला बेकरीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती.

"उभे राहिले? दुसरा घाणा होईपर्यंत?"

"हो."

"पाय दुखले असतील." थोड्या वेळाने, "आणि त्या बाईला कसं वाटलं?"

"तिने नाही सांगितलं."

आत्याने कोट मांडीवरून काढून घडी घातली आणि पुन्हा उलगडला.

शनिवार, ता. १९

न्हावीकाका मैदानाच्या फाटकाशी भेटले. बेकरीवाल्या ताईंनी सगळ्या पूर्वेला सांगितलंय. "येतोय आम्ही पुढच्या रविवारी," काका म्हणाले. "तुझी ती साखळी मात्र मला नको. किल्ली एकच आहे माझ्याकडे, ती नाडीला बांधलेली बरी." आनंद झाला. इतका की रस्त्यातच हसले आणि कोणी पाहिलं का ते वळून बघितलं.

मोहीम संपली हे संघाच्या कानावर गेलेलं दिसत नाही. चाळण आणि कप्तान काल आपणहून एका रिक्षाच्या गॅरेजमध्ये जाऊन आले. कॅमेरा नाही. इंजिन सुरू झालं तेव्हा ओरडले म्हणे.

घरी आत्याने जुनी परीक्षा काढली. दोन रिळं समोर धरली, लहानपणी धरायची तशी. "हा कोणता रंग?"

"निळा. आत्या, मी काय बालवाडीत आहे का?"

"आणि हा?"

"काळा."

"पुढे," म्हणाली आणि काळं रीळ उजव्या हाताशी ठेवलं. हे म्हणताना तिचा चेहरा फार गंभीर होता. पूर्वी परीक्षेत ती निदान एकदा तरी मुद्दाम फसवायची. आज फसवलं नाही.

मंगळवार, ता. २२

शनिवारची नोंद पुन्हा वाचली. ती चूक नाही. पण मला ती आज कळली.

सकाळी आत्या अंघोळीला गेली होती. काळा कोट खिडकीशी टांगलेला होता आणि उजेड सरळ त्याच्यावर पडला होता. डाव्या खिशाच्या वर एक चौकोन. टाके तिचेच, इतके सारखे की मोजावेसे वाटावेत, उभ्याआडव्याची वीण अगदी कापडासारखी. आणि सगळा निळा. काळ्या कोटावर निळा, दारातूनही दिसेल असा.

मी तशीच उभी राहिले. मग सुया आठवल्या. वर्तमानपत्र आठवलं. दोन रिळं.

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिसतोय ना?"

खोटं बोलायचा विचार आला. पण आमच्या घरी चूक उत्तर दिलं तर तोच प्रश्न पुन्हा येतो. "दिसतोय," म्हणाले.

"कोणता लागलाय?"

"निळा."

"हं." ती टेबलाशी बसली. "हा मी आधीच भरला होता, तुला विचारण्यापूर्वी. शनिवारी उसवून काळ्याने भरणार होते. पण उसवायला टाका दिसायला हवा." बोटांनी तो चौकोन चाचपला. "वीण चांगली आली आहे."

"फार चांगली आली आहे, आत्या." हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. तिने पुढचा प्रश्न विचारला नाही.

डॉक्टरकडे ती आधीच जाऊन आली आहे, एकटीच. एका डोळ्याचं काही होणार नाही, दुसऱ्याचं बघू म्हणालेत. मी रडायला लागले तर म्हणाली, "आधी चहा टाक." चहा पिताना सांगितलं की गुरुवारी ती कोट घेऊन ड्रायक्लीनवाल्याकडे जाणार, जसा आहे तसा त्याच्या हातात देणार आणि यापुढे काम पाठवू नका म्हणणार. मी म्हटलं, निळे धागे मी उसवते. नाही म्हणाली. "इतकी वर्षं त्याने माझं काम शोधलं आणि त्याला सापडलं नाही. आता सापडेल. ते त्याला माझ्यासमोर सापडू दे."

"मी येऊ तुझ्याबरोबर?"

"तू काय करणार आहेस तिथे?"

मी कप विसळायला उचलले.

दुपारी चाळण ऑफिसात आला, हातात चौथी जर्सी. मी सांगितलं की आत्या आता रफू घेणार नाही, आणि का ते. तो जर्सीची घडी करत राहिला, बाही आत लपवून. मग विचारलं, "गुरुवारी मी आलो तर चालेल?" मी म्हटलं, संघाचा तिथे काही संबंध नाही. तो म्हणाला, "संघ नाही. मी." का यायचं आहे ते त्याने सांगितलं नाही, पण आत्याच्या कामाबद्दल त्याला खूप आदर दिसतो. या म्हटलं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता लिहिताना आलं. ते तिला आधी सांगणार नाही. ती म्हणेल, पाय दुखतील.

गुरुवार, ता. २४. ड्रायक्लीनवाल्याचं दुकान दहाला उघडतं. काउंटरसमोर गिऱ्हाइकांना बसायला एक लाकडी बाक आहे. मी बसणार नाही.